अपुरे वर्तुळ

वकीलसाहेब रुग्णालयात दाखल झाले त्या सकाळी त्यांनी सर्वप्रथम आपल्या खोलीची उलटतपासणी घेतली. उशाशी असलेले घंटेचे बटण दाबून पाहिले आणि लगबगीने आलेल्या सिस्टरना, "काही नाही, खरंच वाजतं का एवढंच बघत होतो," असे सांगून परत पाठवले. खाटेचे कठडे वर करून पाहिले, खाली करून पाहिले. न्हाणीघराची फरशी निसरडी तर नाही ना, याची चपलेच्या टोकाने खातरजमा केली. मनगटावर बांधलेल्या पट्टीवरील आपले नाव एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा काढून वाचले, आणि मगच ते खाटेवर टेकले.

त्यांच्या पत्नी खिडकीलगतच्या खुर्चीत बसून हा सोहळा पाहत होत्या.

"अहो, ऑपरेशनला आलाय की जागा भाड्यानं घ्यायला?"

"ज्यानं उभा जन्म दवाखान्यांवर दावे लावले, त्यानं दवाखान्यात आडवं होण्याआधी चार गोष्टी बघून घेतलेल्या बऱ्या."

"मग जिथं दावा लावला नाही असा एखादा दवाखाना शोधायचा होता."

"इथं लावला होता," वकीलसाहेब म्हणाले, "म्हणून तर इथं आलो."

यावर पत्नी हसल्या नाहीत. ते खरे होते, आणि ते खरे कसे हे त्या जाणून होत्या.

वैद्यकीय निष्काळजीपणाचे खटले लढवण्यात वकीलसाहेबांची हयात गेली होती. त्यांच्या प्रश्नांपुढे भल्याभल्यांची भंबेरी उडे. डॉक्टर साक्षीला उभे राहिले की बहुधा एकच गोष्ट घडे. दोष पायरी पायरीने खाली उतरत जाई. शल्यचिकित्सक भूलतज्ज्ञाकडे बोट दाखवी, भूलतज्ज्ञ परिचारिकेकडे, परिचारिका यंत्राकडे, आणि यंत्राला बिचाऱ्याला शपथ देता येत नसे. एवढ्या वर्षांत या नियमाला अपवाद ठरले असे एकच माणूस त्यांना भेटले. त्या या रुग्णालयाच्या संस्थापक. लहानथोर सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत.

खटला भूगोलाच्या एका शिक्षकांचा होता. त्यांची एक किडनी कायमची निकामी झाली होती आणि ती काढून टाकायची होती. शस्त्रक्रियागृहातील प्रकाशपेटीवर एक्सरेची फिल्म टांगली गेली ती उलटी, मागची बाजू पुढे करून. डावे होते ते उजवे दिसू लागले. मोठ्या बाईंनी त्या फिल्मकडे पाहिले आणि चांगली किडनी काढली.

शिक्षक न्यायालयात आले ते यंत्रावर रक्त शुद्ध करून घेऊन, पत्नीच्या खांद्याचा आधार घेत. "वर्गात नकाशा उलटा टांगला तर पोरंसुद्धा हसतात हो, बाई," एवढेच ते म्हणाले. मोठ्या बाईंच्या वकिलांनी बचाव तयार ठेवला होता; फिल्म लावणारा माणूस दुसराच होता. तो बचाव आज ना उद्या येणार हे ओळखून वकीलसाहेबांनीच प्रश्नाचा सापळा लावला.

"फिल्म कोणी लावली होती?"

मोठ्या बाई पिंजऱ्यात ताठ उभ्या होत्या. पांढरे होत चाललेले केस मागे घट्ट आवळून बांधलेले, आणि उजव्या कानाशी एक बट सुटलेली.

"ते महत्त्वाचं नाही," त्या म्हणाल्या. "सुरी माझ्या हातात होती. मास्तर त्या सकाळी जागे होते, माझ्याशी गप्पा मारत होते. कोणती बाजू, हे मी फिल्मला विचारलं. त्यांना विचारलं नाही."

वकीलसाहेबांच्या हातात पुढच्या प्रश्नांची चळत होती. ती त्यांनी सावकाश टेबलावर ठेवली. खटला ते जिंकले. पण त्या संध्याकाळी घरी येऊन बूट काढता काढता पत्नीला म्हणाले होते, "आज मी एक मोठं माणूस पाहिलं. विरुद्ध बाजूला उभं होतं, एवढंच वाईट वाटतं."

त्यानंतर शिक्षक जगले तोवर, यंत्राच्या प्रत्येक खेपेला मोठ्या बाई त्यांच्या शेजारी येऊन बसत. आणि त्याच काळात या रुग्णालयात एक रीत सुरू झाली. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी शल्यचिकित्सकाने स्वतः रुग्णाच्या खोलीत यायचे. खाटेपाशी एक बुटके लाकडी स्टूल असते, त्यावर बसायचे. ते मुद्दाम बुटके केलेले आहे. डॉक्टरची नजर रुग्णाच्या नजरेहून खाली राहावी असा मोठ्या बाईंचा दंडक होता. काय काढायचे, कोणत्या बाजूचे, कशासाठी, हे सगळे साध्या भाषेत सांगायचे. मग जांभळ्या शाईच्या पेनाने त्या जागी कातडीवर एक वर्तुळ काढायचे. पण ते पुरे करायचे नाही. करंगळीच्या नखाएवढे तोंड उघडे ठेवायचे. ते तोंड रुग्णाने, पटले असेल तर, आपल्या हाताने मिटवायचे. वर्तुळ मिटलेले नसेल तर शस्त्रक्रियागृहात सुरीला कोणी हात लावत नसे.

मोठ्या बाईंनी आणखी एक गोष्ट केली. ज्या वकिलाने त्यांना पिंजऱ्यात उभे केले होते, त्यालाच त्या दरवर्षी नव्या डॉक्टरांपुढे बोलावू लागल्या. "यांनी मला जे विचारलं ते तुम्ही स्वतःला विचारा," त्या सांगत. "फरक एवढाच, की आधी विचारा." व्याख्यान झाल्यावर चहाचा कप हातात देताना एकदा त्या वकीलसाहेबांना म्हणाल्या होत्या, "तुम्ही कधी आजारी पडलात तर इथंच या हं. तुमची बाजू चुकणार नाही."

मोठ्या बाई जाऊन आता बरीच वर्षे झाली होती. वकीलसाहेब निवृत्त झाले होते, आणि आजारी पडले होते.

त्यांचे दुखणे समजायला सोपे होते. खड्यांमुळे त्यांच्या दोन्ही किडन्या सुजल्या होत्या. सोनोग्राफीत दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या दिसत. पण त्यांतली एक अद्याप काम करत होती आणि दुसरी पूर्ण बंद पडून आत पू धरून बसली होती. ती काढणे भाग होते. बंद पडलेली कोणती, हे कळायला एकच मार्ग होता. शिरेत औषध सोडून करायचा एक खास स्कॅन. तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या तपासणी केंद्रात झाला. नेमकी त्याच दिवशी वकीलसाहेबांच्या पाठीत उसण भरली होती. त्यांना उताणे निजवेना, तेव्हा तिथल्या माणसाने, "बरं, पालथे पडा, हलू नका म्हणजे झालं," असे म्हणून काम उरकले. घरी येईपर्यंत पत्नी त्यांची थट्टा करत होत्या. अहवाल आला. डावी किडनी निकामी, उजवी उत्तम.

म्हणजे डावी काढायची, आणि उजवीच्या भरवशावर पुढचे आयुष्य काढायचे. एवढाच हिशेब होता, आणि तो सगळ्यांना मान्य होता.

दुपारचे जेवण झाल्यावर वकीलसाहेबांचा डोळा लागला. पत्नी उपाहारगृहात चहा घ्यायला गेल्या. खिडकीतून आलेले ऊन पांढऱ्या चादरीवर पसरले होते, कुठेतरी औषधांच्या गाडीची चाके कुरकुरत होती, आणि स्पिरिटचा तो थंड, कोरा वास हवेत होता.

ते जागे झाले तेव्हा पत्नी दारात उभ्या होत्या.

"गेल्या का त्या?"

"कोण?"

"डॉक्टरीणबाई. मी मघाशी आले तर दाराच्या काचेतून दिसल्या. स्टुलावर बसून, मान खाली घालून काहीतरी बारीक काम चाललं होतं. म्हटलं तपासतायत, मध्ये नको जायला. म्हणून इथं बाहेर बाकावर बसले." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "पण दारातून तर कोणी बाहेर आलं नाही."

बुटके स्टूल सकाळी दाराच्या बाजूला, खाटेच्या डावीकडे होते; वकीलसाहेबांनी उलटतपासणीत त्याचीही नोंद घेतली होती. आता ते उजवीकडे होते, खाट आणि खिडकी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. तिथली पत्नीची खुर्ची कोणीतरी अदबीने बाजूला सारून ठेवली होती.

"तुमचा सदरा का वर गेलाय?" पत्नींनी विचारले, आणि त्या पुढे झाल्या.

उजव्या कुशीत, शेवटच्या बरगडीच्या खाली, जांभळ्या शाईचे एक वर्तुळ होते. रेघ एकसंध, हात न थरथरता काढलेली. वर्तुळाचे तोंड उघडे होते.

घंटा वाजवल्यावर सिस्टर आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, मोजके बोलणाऱ्या बाई. वर्तुळ पाहून त्या खाटेवर वाकल्या.

"काका, हे कोणी केलं?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो. आणि चुकीच्या बाजूला केलंय, हेही सांगणार होतो."

"पेन आमच्या कपाटात असतं, कुलपात. किल्ली ही माझ्या गळ्यात." त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवला आणि पुसायला घेतले. शाई निघाली, पण रेंगाळत निघाली. पुसता पुसता, मान वर न करता त्यांनी पत्नींना विचारले, "काकू, केस कसे होते त्यांचे?"

"पांढरे. मागं आवळून बांधलेले. कानाशी एक बट सुटलेली."

सिस्टरांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"सिस्टर," वकीलसाहेब म्हणाले, "हे तुम्ही डॉक्टरांना सांगणार ना?"

"सांगणार म्हणजे काय, सांगावंच लागतं. इथं वावगं काही दिसलं आणि बोललं नाही तरच बोलणी बसतात. मोठ्या बाईंनी तशी सवयच लावलीय." त्यांनी तो जांभळा झालेला बोळा हातात मिटला. "काय सांगू, तेवढं मात्र कळत नाही."

संध्याकाळी धाकटे डॉक्टर आले. ते मोठ्या बाईंचे शेवटचे विद्यार्थी, आणि वकीलसाहेबांची व्याख्याने पहिल्या रांगेत बसून ऐकलेले. उंचपुरा माणूस, पण खोलीत येताच रीतीप्रमाणे त्या बुटक्या स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसला.

"सर, एखाद्या शिकाऊ डॉक्टरचा आगाऊपणा असणार. मी छडा लावतो."

"शिकाऊ डॉक्टरचे केस पांढरे?"

धाकटे डॉक्टर हसले, पण ते हसू ओठांच्या पलीकडे गेले नाही. "उद्या सकाळी मी स्वतः येतो. डावी बाजू. अहवाल मी पुन्हा वाचलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा शस्त्रक्रियागृहाची टोपी त्यांच्या डोक्यावर होती आणि पेन सिस्टरांच्या हातात. वकीलसाहेब स्नान करून, मागे नाडीने बांधायचा तो हिरवा सदरा घालून बसले होते. त्या पोशाखात माणसाचा निम्मा दरारा कसा गळून पडतो, यावर पत्नींचे भाष्य नुकतेच होऊन गेले होते.

डॉक्टरांनी सगळे समजावून सांगितले. मग डाव्या कुशीत वर्तुळ काढले, तोंड उघडे ठेवले, आणि पेन वकीलसाहेबांच्या हातात दिले.

"सर, पटत असेल तर मिटवा."

वकीलसाहेबांनी पेन टेकवले आणि ओढले. काही उमटले नाही.

त्यांनी पुन्हा ओढले. टोक कातडीवरून फिरल्याचे जाणवले, पण शाई उतरली नाही. डॉक्टरांनी पेन घेऊन स्वतःच्या तळहातावर रेघ मारली. स्वच्छ, ठळक जांभळी रेघ. पेन परत दिले. पुन्हा कोरे.

"कातडी ओली असेल," डॉक्टर म्हणाले. सिस्टरांनी ती कोरडी केली. नवे पेन आणले, त्याचे झाकण सगळ्यांसमोर उघडले. त्या पेनानेही डॉक्टरांच्या हातावर रेघ उमटली, सिस्टरांच्या हातावर उमटली, पत्नींनी हट्टाने आपला हात पुढे केला त्यावरही उमटली. वर्तुळाच्या त्या नखभर तोंडाशी मात्र ते नुसतेच सरकत राहिले, काचेवरून सरकावे तसे.

"मी मिटवू का, सर? फक्त आजच्यापुरतं?" डॉक्टर म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मोठ्या बाईंनी मिटवलं असतं?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

पत्नी मघापासून उजव्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी सदऱ्याची कड हलकेच उचलली आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"अहो. हे कालचं पुसलं होतं ना?"

उजव्या कुशीतले वर्तुळ होते तिथेच होते. कालच्यापेक्षा गडद. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा बजावून सांगावे, तसे गिरवलेले.

बाहेर स्ट्रेचर येऊन थांबल्याचा आवाज झाला. शस्त्रक्रियागृहात दिवे लागले होते, भूलतज्ज्ञ हात धुऊन वाट पाहत होते, मागोमाग आणखी रुग्ण ताटकळत होते.

भीती वाटली की वकीलसाहेबांना एकच गोष्ट करता येत असे, आणि ती त्यांनी केली.

"डॉक्टर, मी काही प्रश्न विचारू?"

"आत्ता, सर?"

"आत्ताच. नंतर विचारले तर त्याला खटला म्हणतात."

डॉक्टर स्टुलावर सावरून बसले.

"डावी बंद पडलीय, हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"स्कॅनवरून."

"सोनोग्राफी काय म्हणते?"

"दोन्ही सारख्याच सुजलेल्या."

"दुखतं मला दोन्हीकडे. म्हणजे तो स्कॅन बाजूला ठेवला, तर डाव्या किडनीविरुद्ध पुरावा काय?"

डॉक्टर म्हणाले, "काही नाही, सर."

"स्कॅन तुमच्यासमोर झाला?"

"नाही. पण तो साधा प्रकार असतो. पेशंट उताणा झोपतो, टेबलाखालचा कॅमेरा पाठीकडून बघतो..."

"उताणा कुठला," पत्नी मध्येच म्हणाल्या. "हे पालथे पडले होते ना! पाठ धरली होती ह्यांची. बूटसुद्धा मी घातले पायात."

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पालथे?" त्यांनी अगदी हळू विचारले.

"त्यानं काय बिघडतं?"

"काकू, कॅमेरा खालीच राहतो. माणूस पालथा पडला की तो पाठीऐवजी पोटाकडून बघतो. मग डावं ते उजवं दिसतं. यंत्राला तसं सांगितलं तर ते बदल करून घेतं. सांगितलं असेल, तर."

त्यांनी तिथूनच तपासणी केंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस आधी आठवत नाही म्हणाला, मग त्याने काहीतरी पाहिले, आणि मग खोलीत सगळ्यांना ऐकू गेले इतक्या मोठ्याने म्हणाला, "नाही हो डॉक्टर, तसं काही घातलेलं दिसत नाही. आमच्याकडे सगळे उताणेच झोपतात."

फोन ठेवून धाकटे डॉक्टर उठले. मग डोक्यावरची टोपी काढली.

"सिस्टर, ऑपरेशन रद्द. आत सांगा. कारण विचारलं तर सांगा, मी खात्री केली नव्हती." ते वकीलसाहेबांकडे वळले. "मी अहवालाला विचारलं, सर. तुम्हाला विचारलं नाही."

किती वर्षांपूर्वीचे ते शब्द, जवळपास जसेच्या तसे. वकीलसाहेबांनी या तरुणाकडे पाहिले आणि त्यांना गहिवरून आले. फिल्म कोणी लावली होती, हे यानेही सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी स्कॅन पुन्हा झाला. धाकटे डॉक्टर या खेपेला शेजारी उभे होते.

उजवी किडनी पडद्यावर उमटलीच नाही. तिथे नुसता काळोख होता. डावी मात्र स्वच्छ दिसत होती. किती दिवस कोण जाणे, ती एकटीच दोघींचा भार ओढत होती.

काल ती काढली गेली असती.

त्या विचारापाशी वकीलसाहेब थांबले, आणि पुढे गेले नाहीत.

शस्त्रक्रियेची सकाळ पुन्हा आली. डाव्या कुशीतले वर्तुळ साध्या पाण्याने केव्हाच निघून गेले होते. उजवीकडचे होते. साबणाने गेले नव्हते, स्पिरिटने गेले नव्हते.

धाकटे डॉक्टर स्टुलावर बसले. पेन उघडले, पुढे नेले आणि थांबवले.

"सर, हे मी काढलेलं नाही."

"मला ठाऊक आहे."

"दुसरं काढू?"

"जागा बरोबर आहे?"

डॉक्टरांनी दोन बोटांनी बरगडी चाचपली, मोजमाप घेतले. "तंतोतंत. मी काढलं असतं तर एवढं नेमकं आलं नसतं."

"मग कोणी काढलं, हा प्रश्न मी मागे घेतो," वकीलसाहेब म्हणाले.

त्यांनी पेन टेकवले. पहिल्याच स्पर्शाला शाई उतरली. वर्तुळ मिटले.

आणि त्याच क्षणी त्यांच्या कुशीवरून एक गारवा उठला. इतका वेळ तिथे हात टेकलेला होता, आणि तो आत्ता कोणी उचलला, तसा. हात होता हे तो उचलल्यावर कळले.

खिडकीशेजारच्या चिंचोळ्या जागेकडे त्यांनी पाहिले. तिथे ऊन होते.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. भुलीतून जाग आल्यावर वकीलसाहेबांनी पहिला शब्द उच्चारला तो "कोणती?" असा, आणि पत्नी म्हणाल्या, "बंद होती ती. आता तुम्हीही जरा बंद राहा." काही दिवसांनी सिस्टर पट्टी बदलायला आल्या तेव्हा वकीलसाहेबांनी कौतुकाने जखम दाखवली. वर्तुळाचा मागमूसही उरला नव्हता. दोन्ही कुशी कोऱ्या होत्या.

"सिस्टर, आधी कधी असं झालं होतं?" त्यांनी विचारले.

सिस्टर बराच वेळ चिकटपट्टीची टोके सारखी करत राहिल्या. "मोठ्या बाई गेल्यापासून इथं बाजू चुकलेली नाही, काका," त्या म्हणाल्या. "आम्ही काळजी घेतो. खूप काळजी घेतो." आणि दारापाशी जाऊन म्हणाल्या, "पण एवढी घेत नाही."

वकीलसाहेब घरी आले. प्रकृती सुधारली, चालणे-फिरणे सुरू झाले. नव्या डॉक्टरांपुढच्या व्याख्यानासाठी धाकट्या डॉक्टरांचे निमंत्रण आले आणि ते आनंदाने स्वीकारले गेले. पत्नी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "ह्यांना वाचवलं ते ह्यांच्या उलटतपासणीनं नव्हे, मी मध्ये बोलले त्यानं," आणि वकीलसाहेब ते बिनशर्त कबूल करत. मनात मात्र ते एका ताठ उभ्या आकृतीला रोज नमस्कार करत. एका चुकीचे प्रायश्चित्त म्हणून उरलेले आयुष्य वेचणारी माणसे थोडी असतात. मरणानंतरचेही वेचणारे माणूस, त्यांच्या ऐकिवात, हे एकच होते.

अशाच एका सकाळी ते वर्तमानपत्र हातात धरून गॅलरीत आले. पत्नी नुकत्याच न्हाऊन, पाठ दाराकडे करून, ओले केस पुढे टाकून उन्हात बसल्या होत्या. गुणगुणत केस पुसणे चालले होते. आदल्या दिवशी तर त्यांनी जिन्याचे सगळे मजले न थांबता चढून दाखवले होते, आणि वकीलसाहेबांना वाटेत धाप लागल्याबद्दल टोमणाही मारला होता.

पेपर उघडता उघडता त्यांचे लक्ष गेले. स्वयंपाकघरात वरच्या फळीपर्यंत हात पोचावा म्हणून ठेवलेले बुटके स्टूल गॅलरीत होते. पत्नींच्या खुर्चीच्या अगदी मागे, चिकटून.

"हे इथं तू आणलंस?"

"काय?" त्यांनी वळून पाहिले नाही.

उघड्या मानेवर, केस सुरू होतात त्याच्या किंचित खाली, जांभळे वर्तुळ होते. रेघ एकसंध, हात न थरथरता काढलेली. शाई ओली होती. उन्हात चमकत होती. तोंड उघडे होते.

वकीलसाहेबांनी शक्य तितक्या साध्या सुरात विचारले, "तुला मानेत कुठं दुखतं का गं?"

"मला? मला काय धाड भरलीय!" त्या हसल्या. आणि मग खांदे आखडून, लाडिक रागाने म्हणाल्या, "अहो, हात काढा बघू. किती गार पडलाय तुमचा हात!"

वकीलसाहेबांचे दोन्ही हात वर्तमानपत्रावर होते.